इंटरनेट आर्काइव्हवरचं स्कॅन वाचलं, तर संदर्भसूचीत नोंद छापील पुस्तकाची की ऑनलाइनची?

शेवंता

नमस्कार मंडळी. इतिहासात पीएचडी चालू आहे. विषय १८९६-९७ चा मुंबई-पुण्यातला प्लेग आणि सरकारी उपाययोजना. प्रबंध मराठीत आहे. प्रकरणं बऱ्यापैकी लिहून झाली, आता गाडी संदर्भसूचीपाशी अडलीय.

माझी निम्म्याहून जास्त साधनं मी पडद्यावरच वाचली आहेत. गॅटेकर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मुंबईच्या प्लेगवरचा १८९७ चा अहवाल, कॅम्पबेलच्या गॅझेटियरचा पुणे खंड, शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध, विश्वकोशातल्या नोंदी, साथरोग कायदा, यूट्यूबवरचं एक व्याख्यान. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, "पुस्तक ते पुस्तक, छापील म्हणूनच दे, लिंका घालून सूची विद्रूप करू नकोस." विभागातले दुसरे सर म्हणतात, ऑनलाइन पाहिलेलं सगळं शेवटी 'संकेतस्थळे' या शीर्षकाखाली एकत्र टाक. विद्यापीठाच्या पुस्तिकेत यावर दीड ओळ आहे, तिच्यातून काही बोध होत नाही.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

खोडसाळ

'संकेतस्थळे' या शीर्षकाखाली नुसतं 'गूगल डॉट कॉम' लिहिलेला प्रबंध मी या डोळ्यांनी पाहिलाय. पदवीही मिळाली.

नागपुरी संत्रं

+१. आमच्याकडे 'विकिपीडिया' एवढ्यावर भागतं. लेख कोणता, कधी पाहिला, काही विचारू नका.

तळटीप

शेवंता, तुमच्या दुसऱ्या सरांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. 'ऑनलाइन' हा साधनाचा प्रकारच नाही, ते साधन तुम्हाला भेटलं ती जागा आहे. कायदा कायद्यांत, प्रबंध प्रबंधांत, अहवाल सरकारी अहवालांत. गॅटेकरचा अहवाल आणि कुणाच्या तरी ब्लॉगवरचा मजकूर दोन्ही पडद्यावर दिसतात म्हणून त्यांना एका पंगतीला बसवायचं काय कारण? परीक्षक सूची चाळतो ती तुम्ही कोणती प्राथमिक साधनं पाहिलीत हे बघायला. 'संकेतस्थळे'मध्ये तुमचं सगळं कष्टाचं वाचन गाडलं जातं.

नोंदीत आधी वस्तूची पूर्ण ओळख द्या: कोणी, काय, कुठे छापलं, कधी. त्यानंतर ती तुम्ही कुठे पाहिलीत ते. दुवा सगळ्यात शेवटी, कारण नोंदीत सगळ्यात आधी मरतो तो दुवाच. तो मेल्यावरही उरलेल्या नोंदीवरून वाचकाला ती वस्तू शोधता आली पाहिजे.

मॅडमचं म्हणणं निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यावर सवडीने लिहितो.

बखरवाला

मला मॅडमचं पूर्ण पटतं. हयात ग्रंथालयात गेली. अहो, गॅटेकरचा अहवाल १८९७ साली मुंबईत टाइम्स ऑफ इंडिया स्टीम प्रेसमध्ये छापला गेला. त्याचं पान ४० इथल्या कपाटात जे आहे तेच अमेरिकेतल्या स्कॅनमध्ये आहे. मी पुस्तक कपाटातून घेतलं की मित्राकडून आणलं, हे कधी तळटिपेत लिहीत होतो का? मग संगणकालाच एवढा मान कशाला? वाचकाला पुस्तकाशी मतलब.

आणि तुमचे ते तीन-तीन ओळींचे दुवे छापील प्रबंधात कोण टंकून बघणार आहे?

शेवंता

काका, मॅडम अगदी हेच म्हणतात :) पण मला एक शंका आहे. मी ती छापील प्रत कधी हातातच घेतली नाही. छापील म्हणून दिली तर खोटं नाही का होणार?

तळटीप

आता तो उरलेला निम्मा भाग.

बखरवाला काका, मित्राकडून आणलेलं पुस्तक हे पुस्तकच असतं. स्कॅन म्हणजे एका विशिष्ट प्रतीचं, कोणीतरी घाईत काढलेलं छायाचित्र. त्यात पानं सुटतात, दोनदा येतात, कडेचा मजकूर कापला जातो. प्लेगच्या अहवालांसारख्या पुस्तकांना घडीचे नकाशे आणि तक्ते असतात. मोठ्या प्रमाणावर स्कॅनिंग झालं तेव्हा अशा घड्या बहुतेक वेळा उलगडल्याच गेल्या नाहीत, पानावर नुसती मिटलेली घडी दिसते. आता कुणी 'अहवालात या पेठेचा नकाशा नाही' असं लिहिलं आणि सूचीत छापील प्रत दिली, तर ते विधान चुकीचं. तेच त्याने स्कॅनचा उल्लेख केला असता, तर पुढच्या माणसाला लगेच कळलं असतं की मूळ प्रत एकदा बघायला हवी.

दुसरी भानगड माहितीची. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो पुस्तकं आर्काइव्हवर आहेत. त्यांच्या ओळखक्रमांकाची सुरुवात 'इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५' अशी असते. त्यांची शीर्षकं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिलेली, लेखकाच्या जागी संपादक, वर्षाच्या जागी पुनर्मुद्रणाचं वर्ष किंवा चक्क शून्य. तिथली माहिती जशीच्या तशी सूचीत उतरवू नका. मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडा, तिथून घ्या. आणि तो '२०१५' म्हणजे प्रकाशनवर्ष नव्हे. हे सांगावं लागतं, कारण तसं केलेलं मी तपासलेलं आहे.

तिसरं पानांबद्दल. आर्काइव्हच्या दुव्यात 'पेज' या शब्दापुढे 'एन ४५' असं दिसतं ना, ते छापील पान ४५ नसतं. ती प्रतिमेची मोजदाद असते, मुखपृष्ठ, कोरी पानं, शिक्के सगळं धरून. तळटिपेत छापील पानाच्या डोक्यावरचा किंवा तळाचा आकडाच द्यायचा.

तेव्हा 'ती छापील प्रत मी पाहिलेली नाही' ही शेवंताची शंका रास्त आहे. जे पाहिलं तेच सांगायचं.

राइनकाठी

चांगला धागा, वाचनखूण साठवली. इकडे जर्मनीत पोस्टडॉक करतोय, दर नियतकालिकाची शैली वेगळी, त्यामुळे यात बराच घासलो गेलोय.

संदर्भ कसे लिहायचे ते सांगणाऱ्या शैलीपुस्तकांचंही (एमएलए, एपीए, शिकागो) या बाबतीत एकमत नाही आणि ती आपलं मत बदलत राहतात. एमएलएने २००९ च्या सातव्या आवृत्तीत ठरवलं की दुवे द्यायची गरज नाही, नुसतं 'वेब' लिहा. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत दुवे परत आले, २०२१ च्या नवव्यातही आहेत. म्हणजे तुमच्या मॅडमचा नियम एके काळी खरोखर एमएलएचा होता! एपीएची सातवी आवृत्ती २०१९ अखेर आली. तिच्यात 'अमुक तारखेला पाहिले' हे फक्त बदलत्या मजकुरासाठी लागतं, एरवी नाही. शिकागोवालेही, मजकुरावर तारीख असेल तर पाहिल्याच्या तारखेचा आग्रह धरत नाहीत. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ती तारीख मागतात. मागतात तर द्या, नुकसान काही नाही.

डीओआय (लेखाला मिळालेला कायमचा डिजिटल क्रमांक) असेल तर दुसरा कोणताही पत्ता देऊ नका. डीओआय नेहमी १० ने सुरू होतो आणि पूर्ण दुवा म्हणून लिहायचा असतो. नियतकालिकाने संकेतस्थळ बदललं, प्रकाशक विकला गेला, तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली की तोच आकडा नव्या जागी नेतो. शोधगंगेलाही असाच प्रकार आहे, त्याला हँडल म्हणतात. प्रबंधाच्या मुख्य पानावर १०६०३ आणि पुढे तिरपी रेघ देऊन आणखी एक आकडा दिसेल, तो द्या. बरेच जण एखाद्या प्रकरणाच्या पीडीएफचा पत्ता चिकटवतात, कारण तिथे प्रबंध प्रकरणागणिक तुकड्यांत असतो. तसं करू नका.

शोधगंगेवर दोन तारखा असतात, प्रबंध पूर्ण झाल्याची आणि तिथे चढवल्याची. सूचीत पहिली.

नागपुरी संत्रं

शोधगंगेवरच्या मराठी प्रबंधांतून उतारा कॉपी केला तर 'महाराष्ट्र'चं भलतंच काहीतरी उमटतं. जुने फॉन्ट.

राइनकाठी

हो, श्रीलिपी, शिवाजी, किरण वगैरे. युनिकोडच्या आधीचा मजकूर किंवा मग नुसती छायाचित्रं. त्यामुळे शोध घेऊनही सापडत नाही. 'शोधगंगेवर या विषयावर मराठीत काम आढळले नाही' असं लिहिण्याआधी निदान अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळाव्यात.

कलमबहाद्दर

वकील आहे, संशोधक नाही, पण शेवंताताईंच्या यादीत साथरोग कायदा दिसला म्हणून लिहितोय. हा खरा सापळा आहे.

१८९७ चा कायदा क्रमांक ३. इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर उघडलात तर जो मजकूर दिसेल तो आजचा, म्हणजे २०२० च्या दुरुस्तीसकट. करोनाकाळात आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी आधी अध्यादेश आला आणि त्याच वर्षी दुरुस्ती कायदा झाला, त्याची कलमं त्यात बसलेली आहेत. तुम्ही रँडच्या पुण्याबद्दल लिहिताना तो मजकूर वापरलात, तर १८९७ च्या अधिकाऱ्याच्या हातात २०२० चं कलम द्याल. संकेतस्थळाचा दोष नाही, त्याचं कामच आजचा कायदा दाखवणं आहे. तुम्हाला त्या वेळचा पाठ हवा, म्हणजे तेव्हाचं राजपत्र किंवा जुने अधिनियमसंग्रह. ते स्कॅनरूपात मिळतात. नोंदीत 'मूळ १८९७ चा पाठ' असं स्पष्ट लिहा.

जाता जाता, शासन निर्णयांचा संदर्भ देणाऱ्यांसाठी: जीआरच्या शेवटी 'त्याचा संकेतांक अमुक असा आहे' असं एक वाक्य असतं, त्यातला लांबलचक आकडा उतरवून घ्या. सुरुवातीचे आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. विभाग, जीआरचा क्रमांक, दिनांक आणि हा संकेतांक दिलात की संकेतस्थळाचा पत्ता उद्या बदलला तरी जीआर सापडतो. तसंच मुंबई उच्च न्यायालयाचे अलीकडचे निवाडे. २०२३ पासून त्यांना स्वतःचा तटस्थ क्रमांक असतो: वर्ष, 'बीएचसी', मग अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर की औरंगाबाद हे सांगणारी अक्षरं, आणि आकडा. तो असताना कुठल्या खाजगी संकेतस्थळाची लिंक देऊ नये.

शेवंता

कलमबहाद्दर, खूप खूप आभार. मी इंडिया कोडवरूनच घेणार होते.

आता विश्वकोश. ती नोंद कोणाच्या नावावर टाकायची? आणि वर्ष कोणतं?

कोशपंखा

हे माझं आवडतं दुखणं आहे, सविस्तर लिहिते.

मराठी विश्वकोशाची नोंद निनावी नसते. नोंदीच्या अगदी तळाशी लेखकाचं नाव असतं, आडनाव आधी. लोक तिथवर जातच नाहीत, 'विश्वकोश' लिहून मोकळे होतात. काही नोंदींखाली दोन नावं दिसतील, एकापुढे कंसात 'इं.' आणि दुसऱ्यापुढे 'म.'. मूळ नोंद इंग्रजीत लिहिणारा आणि ती मराठीत आणणारा, असा त्याचा अर्थ. मूळ लेखकाच्या नावावर नोंद टाका, अनुवादकाचा उल्लेख पुढे करा.

वर्षाची गंमत जास्त आहे. पहिला खंड १९७६ चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. ते छापील खंड पुढे संकेतस्थळावर आले. पानावर जी तारीख दिसते ती मजकूर चढवल्याची. त्यामुळे सत्तरच्या दशकातली लोकसंख्या, तेव्हाचे जिल्हे, तेव्हाचं वैद्यकशास्त्र असलेली नोंद सूचीत 'विश्वकोश, २०१९' म्हणून झळकते आणि वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्यातलं संशोधन आहे! छापील खंडातली नोंद असेल तर खंड क्रमांक आणि त्या खंडाचं वर्ष शोधून द्या, 'ऑनलाइन आवृत्ती' एवढं पुढे जोडा.

पण तिथेच ज्ञानमंडळांच्या (विश्वकोशाच्या विषयवार तज्ज्ञगटांच्या) नव्या नोंदीही आहेत. त्या छापील नाहीत, थेट ऑनलाइन लिहिलेल्या. त्यांच्याखाली लेखकाबरोबर 'समीक्षक' असंही नाव असतं. हीच ओळखायची खूण. तिथे पानावरची तारीख चालते. समीक्षकाला सहलेखक करू नका.

कोशांचं आणखी एक. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही आहेत. तिथल्या शोधाचा पत्ता देऊन उपयोग नसतो. जुन्या लेखांत दिलेल्या पत्त्यांवर मागच्या सर्व्हरचं नाव आहे, ते उघडत नाहीत. कोशाची आवृत्ती द्या आणि 'अमुक शब्दाखाली' असं लिहा.

बखरवाला

कोशपंखाताईंचं वाचून बरं वाटलं. म्हणजे शेवटी खंड आणि वर्षच कामाला आलं की नाही!

पण तळटीपरावांच्या घडीच्या नकाशांवर मला उत्तर नाही. तसे नकाशे मीही पाहिलेत, आणि उलगडताना फाटलेलेही पाहिलेत. ठीक, स्कॅनचा उल्लेख असावा. एका ओळीत असावा. तीन ओळींचे दुवे मात्र नकोतच.

राइनकाठी

काका, दुव्यांच्या बाबतीत तुमची अढी अगदीच चुकीची नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या लोकांनी तपासलं होतं, २०१४ ला छापून आलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. हार्वर्ड लॉ रिव्ह्यूसारख्या नियतकालिकांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर. प्यू रिसर्चने २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत गायब झाली. मेलेला दुवा परवडला, निदान कळतो तरी. पत्ता तोच आणि मजकूर बदललेला, हे जास्त वाईट. कलमबहाद्दरांचा कायदा हे त्याचंच उदाहरण.

उपाय सोपा आहे. ज्या पानाची छापील आवृत्ती नाही (बातमी, संस्थेचं निवेदन, ब्लॉग) ते वाचलं त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (इंटरनेट आर्काइव्हची वेबपानं जपणारी सेवा) साठवायचं, 'सेव्ह पेज नाउ' म्हणून जागा आहे. जो दुवा मिळतो त्यात चौदा अंकांचा शिक्का असतो, वर्षापासून सेकंदापर्यंत. वेळ ग्रिनिचची असते, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साठवलंत तर तारीख आदल्या दिवसाची दिसेल, घाबरू नका. मूळ पत्ता आणि हा, दोन्ही द्या. यूट्यूबचे व्हिडिओ आणि पैसे भरून वाचायची पानं मात्र यात नीट साठत नाहीत.

आणि फक्त त्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला तेव्हा ते कित्येक दिवस बंद होतं. आपल्या संगणकावर पीडीएफ ठेवा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पानाची प्रत आपोआप घेतं.

विकिपीडियाचा संदर्भ द्यायचाच असेल (मी शक्यतो देत नाही, लेखाखालच्या संदर्भांपर्यंत जातो) तर 'इतिहास'मध्ये जाऊन त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या.

खोडसाळ

एवढा खटाटोप कशाला? चॅटजीपीटीला सांगा, 'प्लेगवरचे दहा संदर्भ एपीएमध्ये दे'. अर्ध्या मिनिटात सूची तयार.

तळटीप

तयार होते खरी. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि लेख जगात कुठेच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असे न घडलेले खटले न्यायालयात सादर केले आणि त्यांना नि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलर दंड झाला. मी तपासायला आलेल्या सूचीतला प्रत्येक डीओआय हल्ली उघडून बघतो. कधी तो उघडतोही, पण भलत्याच लेखावर. खोडसाळपंत, तुमचा विनोद कळला, पण हे वाचून कुणी खरंच करेल म्हणून लिहिलं.

नागपुरी संत्रं

एवढे दुवे टाकले तर साहित्यचौर्य तपासणीत टक्केवारी वाढते का? आमच्यात सगळे त्यालाच भितात. १० टक्क्यांच्या वर गेलं की झालं.

तळटीप

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची त्या मोजणीतून वगळलेली आहे. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूरही. सॉफ्टवेअर चालवणाऱ्याने ते वगळायचं बटण दाबलंय ना, एवढं विचारा. त्या भीतीने सूची कापू नका.

शेवंता

यूट्यूबचं राहिलं. व्याख्यान जुनं आहे, चॅनेलवर नंतर चढवलंय.

राइनकाठी

एपीए चढवणाऱ्या चॅनेललाच लेखकाच्या जागी बसवतं. इतिहासाच्या प्रबंधात ते विचित्र दिसतं. माझ्या मते वक्त्याच्या नावावर टाका, व्याख्यानाचं ठिकाण आणि मूळ तारीख द्या, मग चॅनेलचं नाव आणि चढवल्याची तारीख. तळटिपेत मिनिट-सेकंद हवंच, दीड तासाच्या व्याख्यानात वाचकाने कुठे शोधायचं? आणि चॅनेल कोणाचं आहे तेही बघा. दुसऱ्याचं व्याख्यान परवानगीशिवाय चढवणारे पुष्कळ असतात, अशी चॅनेलं एक दिवस बंद होतात.

शेवंता

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमशी काल बोलले. कायद्याचं ऐकून त्या चपापल्या आणि स्कॅनचा उल्लेख करायला तयार झाल्या, लिंका मात्र फक्त डीओआय-हँडलच्या. आता गॅझेटियरची नोंद अशी केली आहे, बघता का?

'कॅम्पबेल, जेम्स (संपा.), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १८, पुणे, मुंबई : गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८५. स्कॅन : इंटरनेट आर्काइव्ह.'

तळटीप

भाग कोणता? पुण्याचा खंड तीन भागांत आहे, भाग दिला नाही तर वाचक भलत्याच भागात शोधत बसेल. दुवा नको तर नको, पण आर्काइव्हचा ओळखक्रमांक तरी द्या, तो छोटा असतो. त्यावर मॅडमची हरकत नसावी.

कोशपंखा

आणि शासनाच्या संकेतस्थळावर काही गॅझेटियर नव्याने टंकलेली आहेत, त्यांत मूळ पानांचे आकडे नाहीत. तिथून एखादा परिच्छेद घेतला असेल तर स्कॅनशी ताडून बघा आणि पान त्यातलं द्या.

शेवंता

दोन परिच्छेद तिथलेच आहेत :( आज रात्री ताडते. शेवटचं एक: मराठी बातम्यांचे दुवे वर्डमध्ये चिकटवले की टक्क्यांच्या चिन्हांचा पाऊस पडतो. '%ई०%ए४' असं ओळभर.

राइनकाठी

देवनागरी पत्त्याचं ते नेहमीचं रूप. एका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. 'मराठी' एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. बऱ्याच वृत्तपत्रांच्या पत्त्यात शेवटी बातमीचा आकडा असतो, मधला मजकूर काढूनही काही ठिकाणी पान उघडतं, करून बघा. नाही उघडलं तर वेबॅकचा दुवाही तितकाच लांब येईल. मग वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, मथळा, तारीख. ई-पेपरमध्ये तीच बातमी मिळाली तर पान क्रमांकही. मथळा ई-पेपरात आणि संकेतस्थळावर वेगळा असू शकतो, जो वाचलात तो.

लघुदुवे करून देऊ नका. गूगलची दुवे लहान करायची सेवा केव्हाच बंद झाली, आणि ज्यांनी तिच्यावर विसंबून सूच्या केल्या ते आता मूळ पत्ते शोधत फिरताहेत.

बखरवाला

शेवंता, गॅटेकरच्या अहवालाची छापील प्रत कुठल्या ग्रंथालयात आहे ते जुन्या सहकाऱ्यांना विचारून तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नकाशांची पानं तेवढी प्रत्यक्ष बघून ये, म्हणजे तेवढ्यापुरता मी आणि तुझ्या मॅडम दोघंही जिंकलो.

खोडसाळ

आणि सूचीत लिही, 'प्रत्यक्ष पाहिले, दि. अमुक'.